आहेराची माती

साऱ्या वर्धा जिल्ह्यात माझ्या सासऱ्यांइतका मातीचा लोभी माणूस झाला नाही. लोक सोन्याचे लोभी असतात, जमिनीचे असतात. यांना नुसती माती लागे, सुटी, टोपलीभर, कुणाच्याही बांधावरची. पाहुणा आला की ते आधी त्याच्या चपलांकडे पाहत. तळाला काळा चिखल चिकटलेला दिसला की चेहरा खुलायचा, आणि त्या बिचाऱ्याला पाणीही न विचारता थेट टेकडीवर नेऊन तिथं चपला झाडायला लावत.

ही टेकडी म्हणजे जाम फाट्याजवळच्या त्यांच्या गावामागची गिट्टी-मुरमाची खदान. हमरस्त्यासाठी ती फोडली तेव्हा सुरुंग लावायचं काम त्यांनीच केलं होतं, आणि त्याचा पश्चात्ताप वगैरे त्यांना मुळीच नव्हता. ‘माया बारानं जामच्या हाटेलातले कप वाजत,’ असं ते भेटेल त्याला सांगत. पण ठेकेदार गेला, टेकडी उघडी पडली आणि दर पावसाळ्यात तिचा मुरूम वाहून पायथ्याच्या विहिरीत उतरू लागला. गावात गोड्या पाण्याची विहीर तेवढी एकच. सरपंच म्हणाला, विहीर बुजवू आणि उरलेली टेकडीही मुरमासाठी देऊन टाकू. सासऱ्यांनी भर सभेत एक पावसाळा मागून घेतला. ‘टेकडी म्या फाडली, म्याच शिवतो,’ म्हणाले. लोक हसले.

मग त्यांनी उतारावर बुटक्या बांधांसारख्या दगडांच्या आडव्या पाळी रचल्या. कडेनं घायपात लावला, कारण त्याला शेळी तोंड लावत नाही. शेळ्यांशी त्यांचं हाडवैर. प्रत्येक शेळीला ते तिच्या मालकाच्या नावानं हाक मारत. ‘ए सरपंच, उतर खाली, लाज नाई वाटत?’ हे अख्ख्या गावाला ऐकू जाई. पण गवताचे ठोंब कोऱ्या मुरमात जीव धरेनात. पाळीमागं माती हवी होती, आणि खदानीत माती कुठली?

नेमकं तेव्हाच आमचं स्थळ त्यांच्याकडे गेलं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. कॉलेजाबद्दल, नोकरीबद्दल काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. त्यांनी एकच विचारलं, ‘तुमचं बोरगावचं शेत काळ्या मातीचं हाय का?’ मी हो म्हटलं. ‘मंग पोरगी देल्ली.’ पोरगी अजून बाहेरही आली नव्हती.

लग्नपत्रिकेत त्यांनी छापून घेतलं : भांड्यांचा आहेर आणू नये, ज्यानं त्यानं आपल्या शेतची टोपलीभर माती आणावी. माझ्या बाबांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली तसे तडकले. ‘शेतातली माती म्हंजे लक्षुमी. ते का कोनी लग्नात वाटते? तुया सासऱ्याचं डोस्कं सुरुंगानं हाललं.’ पण मांडवात आले ते धुतलेल्या दुपट्ट्याखाली टोपली झाकूनच.

‘इवाई, सांभाळजा,’ बाबा म्हणाले. ‘माया बापाच्या हातची माती हाय.’

‘पोरगी तुमच्या घरी, माती माया घरी,’ सासरे म्हणाले. ‘फिट्टमफाट.’

अक्षता पडल्या आणि पंगतीआधी सारं वऱ्हाड टेकडीवर निघालं. पुढं बॅन्ड, मागं फेटेवाले पाहुणे, सगळ्यांच्या खांद्यावर टोपल्या. माझं बाशिंग एका बाजूला घसरलेलं. ‘ग्रॅज्युएट जवाई हाय माया,’ सासरे बॅन्डवाल्यांना सांगत होते, ‘फाडफाड इंग्रजी बोलते. जवाईबापू, जरासं डावीकडे टाका.’ नवरीनं माझ्यापेक्षा सफाईनं टोपली रिती केली आणि हळू आवाजात विचारलं, ‘आता आपुन सैपाक कायच्यात करू?’ बायकोचं माझ्याशी पहिलं बोलणं ते हे.

श्रावणात झड लागली. पाऊस उघडल्यावर मी पोचलो तर सारं गाव विहिरीभोवती उभं. सासरे तेवढे लांब, पाठ फिरवून दगडावर बसलेले. सरपंचानं बादली सोडली, वर ओढली आणि तशीच नेऊन त्यांच्यापुढं ठेवली. पाणी जरासं गढूळ होतं, पण बादलीचा तळ दिसत होता.

‘थोडा मुरूम आलाच,’ सासरे म्हणाले.

‘येऊ द्या. विहीर काई बुजवत नाई आपुन. घ्या अजून एक पावसाळा.’

सासऱ्यांनी तेव्हा कुठं मान वर केली. ‘शेळी बांधून ठेवजा,’ म्हणाले.

पुढं गवत धरलं, आणि गवतासोबत आहेरही उगवला. कुणाच्या टोपलीतून तूर आली, कुणाच्या टोपलीतून नुसतं तरोट्याचं तण. ‘हा हिंगणघाटचा मामा, ते सेलूची मावशी,’ अशी ते ओळख करून देत. आमच्या मातीतून बोरीचं झाड आलं. दर हिवाळ्यात सासरे बाबांना बोरं धाडत, ‘इवाई, तुमच्या शेतातला माल,’ असा निरोप देऊन. बाबा दरवेळी म्हणत, ‘आंबट हायेत,’ आणि एकटेच संपवत.

आता दोघंही नाहीत. बोरगाव वाढलं, आमच्या शेताचे प्लॉट पडले. बाबांच्या बांधावर आज कुणाचा तरी जिना आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको टेकडीवर गेलो. बोरीखाली वाकून मी चिमूटभर माती उचलली. काळीच होती. रुमालात बांधणार तेवढ्यात बायको म्हणाली, ‘माया आबांनी नेऊ देल्ली असती का?’

मी ती होती तिथं ठेवली. उतरण्याआधी दोघांनीही चपला तिथंच झाडल्या.