भेंडीची तार

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या बाजारात अमेरिकेतल्या लुइझियानाची एक थोराड बाई गाडीवर गंबो विकत होती. गंबो म्हणजे कोळंबी, सॉसेज आणि भेंडीचं दाट कालवण, भातावर ओतलेलं. हातातला डाव सारखा फिरत होता, पण नजर खाणाऱ्याच्या तोंडावर. माझ्या पुढच्या गोऱ्याने चमचा उचलला, भेंडीची तार लोंबली, आणि त्याने वाडगा तसाच ठेवला. डाव थांबला.

"उद्यापासून भेंडी बंद," ती माझ्या नातीला जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्याकडे भेंडीलाच गंबो म्हणतात. आता काय विकणार मी, कोण जाणे."

नातीने मला मराठीत सांगेपर्यंत मी खायला लागले होते. इथली अळणी सुपं गिळून मेलेली जीभ खडबडून जागी झाली. नाक वाहायला लागलं. मी जन्मभर भेंडी पुसून चिरली, आमसूल घालून तार मोडली. इथे चव त्या तारेतच होती!

"तिला म्हणावं, भेंडी काढलीस तर तोंड बघणार नाही तुझं. आणि अजून वाढ."

"काहीतरीच काय, आजी," म्हणत नातीने तिला सांगितलं.

बाई खदखदून हसली. वाढताना तिने डाव इतका उंच धरला, की लांबलचक तार सगळ्या रांगेला दिसली.