आठव्या स्टेजचं दार

गाईड बघून गेम खेळणारी माणसं मला डोळ्यांसमोर नको असायची. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो, वडील कारखान्यात ऑफिसर होते आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आपटून घरी बसलो होतो. जगात मला एकच गोष्ट धड यायची, ती म्हणजे टीव्ही गेम. एवढ्या भांडवलावर मी सगळ्या जगाला मूर्ख समजायचो.

उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे मी दिवसभर बसायचो. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचे गेम आणि त्यांच्या पिवळ्या कॅसेटी मिळायच्या. गिऱ्हाइकाला गेम लावून दाखवणं हे माझं काम. दुकानदाराची डोकेदुखी वेगळीच होती. लोक कॅसेट घेऊन जायचे, तिसऱ्या-चौथ्या स्टेजला अडकायचे आणि आठवड्याभरात ती परत आणून काउंटरवर आदळायचे. म्हणायचे, "खराब है, आगे जाती ही नहीं." आपल्याला खेळता येत नाही हे कबूल करण्यापेक्षा कॅसेटवर खापर फोडणं सोपं.

"तू एक काम कर," दुकानदार मला म्हणाला. "किधर कूदने का, किधर मारने का, सब लिख दे. झेरॉक्स निकालके कॅसेट के साथ दे देंगे. फिर देखता हूँ कौन वापस लाता है."

मी लिहून दिलं. सगळ्यात जास्त खपायचा तो किल्ल्याचा गेम. एक तलवारवाला आठ स्टेज पार करून तुरुंगातल्या राजाला सोडवतो, एवढीच त्याची गोष्ट. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना, अर्धं हिंदी अर्धं मराठी, खड्डे आणि शिड्यांची चित्रं काढून मी सगळा रस्ता मांडला. अक्षर वळणदार काढलं आणि वाचणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

शिव्या घालण्यासारखीच माणसं होती ती. काहींना खेळायचं नसायचंच, फक्त शेवट बघून बिल्डिंगमध्ये सांगायचं असायचं. काही जण पहिला खड्डा दिसला की कागद उघडायचे. विठ्ठलवाडीचं एक कुटुंब तर दुकानातच कॅसेट तपासायला बसलं. रिमोट आईच्या हातात, कागद वडिलांच्या. वडील मोठ्यानं वाचणार, "आता दोन पावलं पुढे, आता उडी!" तोवर आईचा तलवारवाला खड्ड्यात. मग त्या दोघांचं भांडण. मी स्टुलावर बसून हसत होतो आणि त्यांना ते दिसावं अशीही माझी इच्छा होती.

पण आठवी स्टेज मी स्वतः कधीच पार केली नव्हती. तिथे एक बंद लोखंडी दार होतं आणि वरून आगीचे गोळे पडायचे. मी दारावर तलवार मारली, उड्या मारल्या, दर वेळी जळून मेलो. लोकांना मात्र सांगून ठेवलं होतं की आपण हा गेम कधीच संपवलाय. दुकानदारालाही तेच सांगितलं होतं. आता कागदावर काय लिहायचं? मी ठोकून दिलं: "दारासमोर उभं राहून तलवारीचं बटण वीस वेळा पटापट दाबा. मध्ये थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून. दार उघडेल." आठव्या स्टेजपर्यंत पोचणार कोण, असा माझा हिशेब होता. गाईडवाल्यांची तेवढी लायकीच नव्हती.

एक जण पोचला. तो बदलापूरचा होता, चाळिशीचा, घरची थोडी भातशेती आणि नोकरी अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात. लेथ मशीनवर टर्नर. त्याचा उजवा अंगठा मशीनवर कापला गेला होता. टाके घालून जोडलेला, पण वळायला कुचराई करायचा. डॉक्टरनं अंगठ्याला काम द्यायला सांगितलं, म्हणून यानं पुतण्याचा टीव्ही गेम मागून आणला आणि किल्ल्याची कॅसेट आमच्याकडून नेली. साहेबानं त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर हात सुधारला तर परत लेथवर, नाहीतर गेटवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वहीत लिहायच्या. अठरा वर्षं तो लेथवर होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं की हा गेम शेवटपर्यंत पार झाला, तर हात लेथला चालेल.

मला हे ऐकून हसू फुटलं होतं. लेथ कुठे, गेम कुठे! वर पुन्हा गाईड घेऊन खेळणार आणि त्याला हाताची परीक्षा म्हणणार. मी त्याला तोंडावर विचारलं, "काका, सगळं आधीच वाचून खेळायचं तर खेळता कशाला?"

तो रागावला नाही. म्हणाला, "पुढं काय येनार ते आधी म्हाईत असलं की मी आंगठा तयार ठेवतो. अचानक आलं का तो वळत नाय ना भाऊ."

बाकीच्यांची कारणं मला माहीत होती आणि ती सगळी फालतू होती. याचं कारण फालतू नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. कळूनही मी त्याला त्याच रांगेत उभं केलं, कारण रांग मोडली असती तर मला माझ्याबद्दलही थोडा विचार करावा लागला असता.

महिन्याभरानं तो आला तो खुशीत. सात स्टेज पार झाल्या होत्या. "आता फकस्त दार ऱ्हायलंय," तो म्हणाला. "बारा-तेरा येळा होतंय, मग आंगठा दमतो. वीसच लागतात ना? का कमीत बी होतं?"

मी तेव्हा खरं सांगू शकलो असतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दुकानदार ऐकत होता, आणि मी गेम संपवलेला माणूस होतो. "वीसच," मी म्हणालो. "सराव करा."

तो पुढच्या वेळी आला तेव्हा सोळावर पोचला होता. त्यानं अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं. मी फडक्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणालो, "सराव करा."

तो गेल्यावर मी कॅसेट लावली आणि आठव्या स्टेजच्या दारापर्यंत गेलो. माझ्या धडधाकट अंगठ्यानं वीस वेळा दाबलं, चाळीस वेळा दाबलं. दार ढिम्म हललं नाही, आणि हलणार कसं, मीच तर ते रचलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून मी तलवारवाल्याला दाराच्या डाव्या खांबाशी, गोळे लागत नव्हते तिथे, तसाच उभा सोडला, रिमोट काउंटरवर ठेवला आणि त्याला माल दाखवायला लागलो. वळून बघतो तर गोळे थांबले होते आणि दार उघडं होतं. तिथे काहीही करायचं नव्हतं. खांबाशी गप्प उभं राहायचं, बस. अंगठ्याचं काही कामच नव्हतं.

काकांना सांगायचं मी ठरवलं. पण कसं सांगायचं, यावरच माझे दिवस गेले. "नवीन ट्रिक सापडली" असं म्हणू का? म्हणजे जुनी खोटी होती हे कळणार. त्यांचा बदलापूरचा पत्ता काढून जाणं मला सहज जमलं असतं. मी गेलो नाही. ते येतील तेव्हा बघू म्हटलं. त्या दिवसांतला मी आठवला की मला शिसारी येते. उंदीर तरी पोटासाठी कुरतडतो.

दिवाळीच्या आधी ते आले. फडकं काढलेलं होतं. कागद घडी करून परत आणला होता, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

"सायबाला सांगितलं," ते म्हणाले. "गेटवर बसतो म्हटलं. अठराच्या वर आंगठा जातच नाय. सोमवारी सही करायची."

मी काउंटरवरचा रिमोट उगाच पुसायला लागलो, तर त्यांनाच माझी दया आली असावी.

"तुमच्या कागदाची चूक नाय भाऊ. सात स्टेजा तुमी सांगितल्या तशाच निघाल्या, अक्षर न् अक्षर. हातच गेला माझा. बरं झालं घरातच कळलं. मशीनवर जाऊन बाजूच्याचा हात घालवला असता तर?"

गेम टीव्हीला जोडलेलाच होता. कॅसेट लावून दार उघडून दाखवायला दहा मिनिटं पुरली असती.

"बरं केलंत काका," मी म्हणालो आणि कागद घेऊन गठ्ठ्यात ठेवला. तो शनिवार होता.