धुतलेले दगड

पाणी तपासणारी शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना पांढरा कोट आठवतो. माझा कोट कपाटात पडून आहे. पंचवीस वर्षं मी गुडघाभर पाण्यात वाकून दगड उलटे करतेय आणि त्यांच्या पोटाशी चिकटलेले किडे मोजतेय. तीन शेपट्यांची अळी सापडली की पाणी चांगलं. ती भारी नखरेल, पाणी जरा बिघडलं की आधी तीच जाते. नुसत्या लाल अळ्या उरल्या की समजायचं, संपलं. भिवंडीत आमच्या गल्लीत मला 'किडेवाली मॅडम' म्हणतात. राग येतो, पण खोटं काय आहे त्यात?

एकदा पडघ्याच्या पुढच्या एका गावात ओढा तपासायला गेले. ओढ्याकाठी कापड रंगवायचा कारखाना येऊ घातला होता आणि त्याला सांडपाणी ओढ्यातच सोडायचं होतं. ओढा जिवंत निघाला तर परवानगी अडणार. मेलेला निघाला तर मेलेल्याला आणखी काय मारायचं, म्हणून मिळणार. एका काकूंची भाजीची वाडी त्याच पाण्यावर होती. त्यांनीच अर्जांवर अर्ज करून मला बोलावलं होतं.

पोचले तर ओढ्यात फक्त रांगोळी काढायची बाकी होती. दगड लख्ख. पहिला उलटा केला, काही नाही. दहावा केला, तरी काही नाही.

"काकू, इथले किडे कुठे गेले?"

"काढलं ना समदं," काकू कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "तुमी तपासाया येनार, किडं दिसलं तर नापास न्हाय का करनार? बचत गटाच्या समद्या बाया दोन दिस काथ्यानं दगड घासत व्हत्या."

किडे असले तरच ओढा जिवंत ठरतो, हे मी त्यांना चढ्या आवाजात सुनावलं. ऐकता ऐकता काकूंनी एक लख्ख दगड हातात घेतला. "म्हंजी आमीच मारला व्हय ओढा?"

त्यांचा चेहरा बघून माझी मलाच लाज वाटली.

कागदावर मी खरं तेच लिहिलं: दगड घासलेले, नमुना घेतला नाही. ऑफिसातले माझे साहेब म्हणाले, हे काय कारण झालं? तरी भांडून महिन्याची मुदत मिळवली. ओढ्याच्या वरच्या अंगाचे किडे वाहत येतात, पुन्हा बिऱ्हाड मांडतात. फक्त त्यांना कुणी स्वच्छतेने छळायचं नाही. काकूंनी धुणी विहिरीवर पाठवली आणि स्वतः ओढ्यावर पहारा धरला.

महिन्याने गेले तेव्हा दगड शेवाळलेले, बुळबुळीत, देखणे होते. पहिल्याच दगडाखाली तीन शेपट्या वळवळल्या.

"ही?" काकू ट्रेवर वाकून म्हणाल्या. "येवढीशी?"

"हीच."

मी किड्यांचा एकेक प्रकार लिहीत गेले. कागदाची एक बाजू भरली, दुसरी सुरू झाली. आता परवानगी देणं सोपं नव्हतं, आणि मला फार आनंद झाला होता.

"तुमच्या भिवंडीच्या नदीत किती परकारचं हायत?" काकूंनी सहज विचारलं.

त्या नदीकाठी, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी, मी लहानाची मोठी झाले. तिचा कागद दर वर्षी मीच भरते.

"एकच. लाल अळ्या."

काकूंनी ट्रेमधल्या अळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तिथं कुनी घासलं दगड?"

"कुणीच नाही, काकू," मी म्हणाले आणि पुढचा दगड उचलला.