‘आधी घर बघून या’

आमच्या गावात शिवणकामाचा वर्ग घ्यायला आलेल्या बाई पोरींना बोंबलायला शिकवायच्या. खोटं वाटेल, पण मी माझ्या कानानं ऐकलंय. समाजमंदिरात मशिनी, बाहेर चिंचेखाली पोरी, आणि बाई म्हणायच्या, "पोटातून ओरड! कुणी हात धरला तर काय लाजत बसणार?" आम्ही जन्मभर लेकींना हळू बोल म्हणत आलो. ह्यात शिक्षण कुठलं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

बाई लातूरकडच्या, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. त्या सांगायच्या, आपल्या किनवटच्या जंगलातल्या पोरी कामाच्या, नाहीतर लग्नाच्या नावानं लांब नेतात आणि विकतात. म्हणून एकदा त्यांनी पोरींना रेल्वेनं नांदेडला नेलं आणि स्टेशनाबाहेर सांगितलं, "आता माझ्याशिवाय घरी या." माझी नात शीतल त्यांत होती. आई-बाप ऊसतोडीला, पोरगी माझ्या जिम्म्यावर. मी तडक बाईंकडं गेलो.

"पोरी सांभाळायला आलात का हरवायला?"

"हरवायची सवय लावून राहिले, आजोबा," बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "येताना मागच्या डब्यात मीच बसले होते. त्यांना सांगू नका."

पुढं शीतलला अठरा पूर्ण झाली आणि एका मध्यस्थानं लांबच्या मुलखातलं स्थळ आणलं. हुंडा नको, वर लग्नाचा खर्चही तेच करणार. मला वाटलं, आपल्या घराण्याचं नाव तिकडवर पोचलं. मी सुपारी फोडली.

ऐकताच बाई घरी आल्या. "घर बघितलं?"

आमची रीतच आहे ती. सोयरीक ठरवायच्या आधी चार माणसं पोराच्या गावी जातात, पाणी पितात, गोठा बघतात, शेजाऱ्याला विचारतात. पण एवढ्या लांब कोण जाणार? मध्यस्थानं फोनवर फोटो दाखवला होता. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर. त्या फोटोचं मी बाईंना सांगितलं.

"फोटोतल्या घरचं पाणी कसं पिणार, आजोबा?"

"माझा शब्द गेलाय."

"शब्द गेलाय. पोरगी अजून हाय. आधी घर बघून या."

लई राग आला. माझ्या दारात येऊन मला रीत शिकवायची! पण शीतल उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "आबा, चला की. मलाबी बघू द्या."

मी मध्यस्थाला फोन लावला. आम्ही घर बघायला येतो, आमच्याच खर्चानं. "या की, मामा," तो गोड बोलला, "उद्या पत्ता धाडतो." पत्ता आला नाही. नंतर त्याचा फोनच बंद.

अर्धं गाव म्हणालं, चोर होता. अर्धं म्हणालं, म्हाताऱ्यानं संशय घेतला, भला माणूस दुखावला. मला सकाळी एक पटायचं, संध्याकाळी दुसरं.

वर्ग बंद झाला तेव्हा बाईंची पिशवी घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेलो. पोरी रडून राहिल्या होत्या. मी विचारलं, "बाई, खरं सांगा. ती माणसं वाईट होती का?"

"मला माहीत नाही."

"मग कशाच्या जोरावर अडवलं?"

"माहीत नव्हतं म्हणूनच की. ज्यांना पक्कं कळतं ना आजोबा, त्यांची पोरगी गेलेली असते."

गाडी आली, बाई गेल्या.

आता हे काय उत्तर झालं? शब्द दिल्यावर घर बघायचा हट्ट धरला तो कशापायी, हे मला आजही चारचौघांत सांगता येत नाही. परवा मी शीतलपाशी हेच घोकून राहिलो होतो. ती मशिनीवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, रोज काय तेच काढता? दारातून सरका, उजेड अडलाय."

मी सरकलो.