पानावरची चूल

रेवती गेल्याची बातमी मला एका विझलेल्या चुलीने दिली. रविवारची सकाळ होती. पुण्याहून पानशेतला निघण्यापूर्वी सवयीने मी मोबाईलवर मंदाकाकूंच्या खानावळीची वेबसाइट उघडली. तिच्या पानावर अगदी वर एक चूल काढलेली आहे. चुलीत जाळ दिसला की खानावळ उघडी, नुसती राख दिसली की बंद. त्या दिवशी राख होती. भातलावणीचे दिवस नव्हते, गावची जत्राही होऊन गेली होती... मी काकूंना फोन लावला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. त्यातून काकू म्हणाल्या, "चूल कशी पेटवू, ताई? आपली रेवती गेली पहाटं. भोरवरनं फोन आला. गिऱ्हाईक येऊन माघारी चाललंय. जाऊ दे."

मृत्यू झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. रेवती काकूंच्या नात्यागोत्यातली नव्हती. ती त्यांची वेबसाइट तयार करणारी होती.

भोरच्या महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसत असू. पुढे मी कवितेकडे वळले, ती संगणकाकडे. बाजारपेठेत एका पिठाच्या गिरणीवरची खोली तिने भाड्याने घेतली. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरे, टेबल थरथरे, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत. खोलीला कोमट ज्वारीचा वास असे आणि कीबोर्डच्या फटींतून पिठाची पांढरी साय धरलेली. त्या काळी गावातल्या दुकानदाराच्या लेखी वेबसाइट म्हणजे एक चकचकीत पाटीच. मिठाईवाल्याला नाचणारी अक्षरं हवी असत, मंगल कार्यालयवाल्याला पान उघडताक्षणी सनई. रेवती प्रत्येक रेघ स्वतः काढी. तांबडा म्हणजे कोणता तांबडा, ओल्या मातीचा की वाळत घातलेल्या मिरचीचा, यावर ती एखादा शब्द शोधावा तशी अडून बसे. पुढे तयार साचे आले. रंग, चौकटी, अक्षरं सारं आयतं. त्यानंतर दुकानदार म्हणू लागले, आम्हीच मोबाईलवरून फोटो टाकतो, तुमची वेबसाइट कशाला? आणि अलीकडे तर एआयला दोन वाक्यं सांगितली की कपातला चहा निवायच्या आत पान तयार होऊ लागलं. हातातलं काम असं एकेका थांब्यावर उतरून जात होतं आणि ती ते शांतपणे पाहत होती. "रेघा काढायचं काम गेलं," खिडकीतून नीरेच्या पात्राकडे बघत ती एकदा म्हणाली. "आता माणूस काय सांगतोय, ते ऐकायचं उरलंय."

ते ऐकणं कसं असतं, हे मी काकूंकडे पाहिलं. मार्गासनी, वेल्हे करत, डोंगर ओलांडून आम्ही स्कूटरवरून पानशेतला पोहोचलो होतो. रेवती दिवसभर चुलीपुढच्या पाटावर बसून राहिली. लॅपटॉपची पिशवी तिने उघडलीसुद्धा नाही. शेवटी भाकरी थापता थापता काकूंनी टोकलं, "पोरी, कामाला आलीस का जेवाय?"

"दोन्हीला. काकू, तुम्ही बंद कधी असता?"

"आवणी लागली की. समदी एकमेकाच्या खाचरात लावणीला जात्यात, मग मी हितं बसून कुणाला वाढू? अन् पुण्याची माणसं येऊन कुलूप बडवत्यात. गेल्या साली एक जण पार बांधावर आला. म्हनतो, मावशी, पिठलं मिळंल का? अन् म्या गुडघाभर चिखलात!"

बंदच्या दिवसांचं वेळापत्रक पानावर लावू, असं रेवतीने सुचवलं. काकू हसल्या. "आवणी काय तारीख बघून येती व्हय?" म्हणून ती चूल आली. काकूंच्या मोबाईलवर एक बटण. ते दाबलं की पानावरची चूल पेटे, पुन्हा दाबलं की विझे.

मग दुपारची गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. काकूंचा मुलगा संतोष याने शोध घेतला, तेव्हा कळलं की जेवणं उरकून खरी चूल विझली की काकू पानावरचीही विझवत होत्या. "आई, आपण उघडं हाय का, तेवढंच सांगायचंय!" तो वैतागला. काकू ठाम होत्या. "चूल इझलीया अन् जाळ दावू? घरात खोटं बोलत न्हाई, त्या डबड्यात बोलू व्हय?" संतोषने रेवतीला गळ घातली, "ताई, तुमीच समजवा हिला." रेवतीने समजावलं नाही. गिरणीवरच्या खोलीत परतून तिने जाळ आणि राख यांच्यामधलं, जेवणं उरकल्यावर लावायचं तिसरं चित्र काढलं. राखेखाली तांबूस निखारे, आणि शेजारी एक ओळ: 'निखारे आहेत. थांबलात तर भाकरी मिळेल.' ती काढत असतानाच खाली गिरणी सुरू झाली आणि चुलीची डावी कड किंचित वाकडी आली. मी ती दाखवली. "राहू दे," ती म्हणाली. "काकूंची तरी कुठे सरळ आहे?"

आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली. आजाराने तिची बोटं काडीसारखी झाली होती. संतोष आला आणि उभ्यानेच म्हणाला, "ताई, राग नका मानू. एआयकडनं नवीन पान करून घेतलंय." तिने मोबाईल हातात घेऊन ते सावकाश पाहिलं. "माझ्यापेक्षा चांगलं झालंय रे. अक्षरं किती मोकळी बसलीत..." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मग तिने विचारलं, "चूल कुठे आहे?"

"'कायम उघडं' असं लिवलंय. त्यानं गिऱ्हाईक वाढतं."

"बाकी सगळं बदल, संतोष. तेवढी चूल काकूंच्या हातातून काढू नकोस."

त्याने मोबाईल परत घेऊन खिशात टाकला. नवं पान कधी लागणार, हे त्याने सांगितलं नाही. खाली गिरणी सुरू झाली, आणि त्या घरघरीत तो जिना उतरून गेला.

ती गेल्यावर बरेच दिवस काकूंच्या पानावर राखच होती. मी रोज पाहत होते. काही आठवड्यांनी एका दुपारी पान उघडलं, तर ते बदललेलं होतं. धरणाचं निळंशार छायाचित्र, मोकळी बसलेली अक्षरं. वर जिथे चूल असे, तिथे कोरी जागा होती. मी मोबाईल खाली ठेवणार, तोच ती जागा हळूहळू भरू लागली... राख, राखेखाली तांबूस निखारे, आणि डावीकडची वाकडी कड.

थांबलात तर भाकरी मिळेल.

जेवणं उरकायची वेळ झाली होती. काकूंनी नुकतंच चुलीत डोकावून बटण दाबलं असणार. मी चपला घातल्या.