तिच्या वहीतलं मी वाचायचे

माझी धाकटी बहीण तेराव्या वर्षी आमच्या गुढियारी वस्तीतून रायपूरभर पोहोचली आणि सतराव्या वर्षी संपली. मधली चार वर्षं मी तिची थोरली बहीण कमी आणि शेपूट जास्त होते. तिचा मोबाइल माझ्या हातात, तिच्या पिना माझ्या पर्समध्ये, तिची पाण्याची बाटली माझ्या काखेत. मला तिचं कौतुक होतं आणि माझ्या पोटातही दुखायचं. दोन्ही खरं आहे, आता लपवून काय मिळणार?

सुरुवात विहारात झाली. आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, बाबा मालधक्क्यावर कामाला. बाबा मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि मोरीत कपडे धुताना छत्तीसगढीत गायची. एका जयंतीला तिचं गाणं ऐकून तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका माणसाने तिला बोलावलं. दुकानाच्या वर त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. आवाज येतो म्हणून पंखासुद्धा बंद. तिथे घामाने निथळत तिने नणंद-भावजयीच्या थट्टेचं एक छत्तीसगढी गाणं म्हटलं. दोन महिन्यांत ते दर लग्नात डीजेवर वाजू लागलं. आईबरोबर गोल बाजारात कढई घ्यायला गेलो, तर दुकानदाराने गिऱ्हाइकं सोडून आधी तिच्याबरोबर फोटो काढला. आई त्या दिवशी भाव करायलाच विसरली.

पुढचं सगळं त्या एका गाण्याने खाल्लं. ते तेरा वर्षांच्या गळ्याने म्हटलेलं, फार वरच्या पट्टीतलं. वयाबरोबर तिचा गळा खाली उतरला, पण लोकांना मोबाइलमध्ये ऐकलेलंच हवं होतं. कार्यक्रमात मागे वाजणारं संगीत आधीच तयार करून नेतात, त्याला ट्रॅक म्हणतात. त्याची पट्टी उतरवणं हे दोन मिनिटांचं काम. मी दोनदा सांगून पाहिलं. स्टुडिओवाला म्हणाला, पब्लिक लगेच ओळखते. मग पंधराव्या वर्षी माझी बहीण स्वतःच्याच तेराव्या वर्षाची नक्कल करत गावोगावच्या मैदानांत, कडाक्याच्या थंडीत, बिनबाह्यांच्या झग्यात ओरडत राहिली. दहावीला बसली नाही. मैत्रिणी आधी मिरवायला आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. व्हिडिओखाली कोणी तिला परदेसिया, म्हणजे बाहेरून आलेली, म्हणायचं, कोणी सरळ जात काढायचं. मी ते पुसून टाकायचे, पण तोवर तिने वाचलेलं असायचं. एकदा गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली की ती थकली आहे. मी म्हटलं, थकायचं वय आहे का तुझं? मोठी बहीण असावी तर अशी!

सोळावं संपता संपता आवाज घोगरा झाला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, आईने कुणाकुणाची लागलेली दृष्टही काढली. शेवटी डॉक्टरने नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज गेलाच समजा, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

शाळेची एक जुनी वही काढून ती त्यात लिहू लागली. तिचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. बाबांना ते लागायचं नाही, आई चष्मा शोधत बसायची, म्हणून सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आणि खरं सांगते, त्यातले पहिले चार आठवडे तिचे सगळ्यात सुखाचे होते. ती दुपारी झोपायची. भात दोनदा घ्यायची. आईच्या वरणावर वहीत टोमणे लिहायची आणि मी ते मोठ्याने वाचले की गालात हसायची. बाबांनी आलेले सगळे कार्यक्रम परतवले. स्टुडिओवाल्याला त्यांनी फोनवर जे सुनावलं, ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात आमचेच लोक आले. जयंती तोंडावर होती. विहाराच्या कमिटीचे दोन काका आणि पांढऱ्या साड्यांतल्या तीन मावश्या पलंगावर आणि खुर्च्यांवर दाटीवाटीने बसल्या. जबरदस्ती कोणीच केली नाही. पोरीच्या तब्येतीची चौकशी झाली, चहा झाला. मग एक मावशी बशीकडे बघत म्हणाली, "पोट्टी इथूनच मोठी झाली न भाऊ. लोकं म्हणून राहिले, आता तिले आपला विहार लहान पडते."

बाबांची मान खाली गेली. परक्यांना नाही म्हणताना त्यांची जीभ तलवारीसारखी चालली होती, इथे ती उचलेना. पोरीने डोक्यात हवा जाऊ दिली, आपल्यांना विसरली, हे त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. ते एवढंच म्हणाले की तिलाच विचारा, ती म्हणेल तसं.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने वही मांडीवर घेतली, लिहिलं आणि माझ्याकडे दिली. त्यात लिहिलं होतं, "नहीं। दो हफ़्ते बाक़ी हैं। दीदी, डर लगता है।"

मी वाचलं, "हो म्हणते. एकच गाणं म्हणन."

बाबांची मान खाली गेलेली मला बघवली नाही, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. चार वर्षं तिची बाटली धरून उभ्या राहिलेल्या मला, एकदा तरी तिच्या तोंडी माझा शब्द घालायचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या खाली गेलेल्या मानेकडे, आणि स्वतःची मान नकारार्थी हलवली नाही. तोंड उघडून नाही म्हणणं तिच्या हातात होतं. पण डॉक्टरने कुजबुजायचंही नाही असं सांगितलं होतं, आणि त्या घरात डॉक्टरचं ऐकणारी ती एकटीच होती. मी वही मिटली. मावशीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

जयंतीला ती गायली. पहिलं कडवं निभलं. दुसऱ्या कडव्यात वरची ओळ आली आणि आवाज फाटला. पुढच्या ओळीला तोंडातून नुसती हवा आली. ती माईक धरून, तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मंडपाला वाटलं पोरीला भरून आलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, मग टाळ्या पडल्या, आणि त्या बराच वेळ थांबेनात. बाबाही रडत होते. काय झालं ते तिला कळलं होतं आणि मला.

पुढे ऑपरेशन झालं. आवाज आला, पण बोलण्यापुरता, जाडाभरडा. स्टुडिओवाल्याने दुसरी तेरा वर्षांची मुलगी शोधली आणि तेच गाणं तिच्याकडून म्हणवून घेतलं. माझी बहीण आता एका दातांच्या दवाखान्यात फोनवर नंबर लावून देते. पलीकडचे लोक तिला भैया म्हणतात. ती कोणाला दुरुस्त करत नाही.

मागच्या वर्षी भाजी निवडताना मी तिला सांगून टाकलं की मी वहीतलं चुकून उलटं वाचलं नव्हतं, जाणूनबुजून वाचलं होतं. तिने मेथीची जुडी सोडली नाही. म्हणाली, "पता है। सामने ही तो बैठी थी मैं।" मग मराठीत म्हणाली, एरवी ती मराठी बोलत नाही, "बाबाले नको सांगू. त्याहीले वाटते मी मनानं गायली. तेवढंच उरलं त्याहीच्यापाशी."

मी रडले. तिने माझे डोळे पुसले नाहीत, आणि का पुसावेत?

दिवाळीत नागपूरचे पाहुणे आले होते. बाबांनी नेहमीची गोष्ट काढली. आमच्या पोरीने समाजापायी गळा दिला, डॉक्टर नाही म्हणत असताना स्वतःच्या हाताने वहीत लिहून दिलं होतं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बहीण पाण्याचे पेले ठेवत होती. बाबा माझ्याकडे वळले.

"काहून वं, तूच वाचलं होतं न? सांग याहीले, काय लिहिलं होतं तिनं?"

बहिणीच्या हातातला पेला तसाच राहिला. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "‘हो’ लिहिलं होतं, बाबा."