सासऱ्यांनी रंगवलेली चाकं

स्वतःच्या दोन हातांवर माझ्या सासऱ्यांइतका विश्वास असलेला माणूस या कृष्णाकाठी दुसरा झाला नसेल, आणि त्या विश्वासापायी घरच्यांचा जीव सतत टांगणीला लावणारा तर नाहीच नाही. दाढ दुखू लागली तर ते पक्कड हातात घेऊन ओसरीवर बसत, आणि सासूबाई आत जाऊन देवापुढे बसत. केस ते स्वतः कापत, तेही मोटारीच्या आरशात बघून. त्यामुळे त्यांची एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा इंचभर वर असे. आष्ट्याचा न्हावी रस्त्यात भेटला की मान फिरवून पुढे जाई. चष्म्याची काडी, शिवणयंत्राचा पट्टा, विहिरीवरचा रहाट, शेजाऱ्याचं घड्याळ, काहीही मोडलं की ते मामांकडेच (सासऱ्यांना मी मामा म्हणे) यायचं, आणि नाही आलं तर मामा ते आणायला जायचे. "परक्याच्या हातात आपली वस्तू दिली की ती आपली ऱ्हात न्हाई, जावईबापू," असं ते मला बजावत. शेजाऱ्याला त्याचं घड्याळ परत मिळालं ते तासाला वीस मिनिटं पुढे पळणारं. त्यावर मामांचं म्हणणं असं की आधी ते आळशी होतं.

पलटणीच्या मोटार कंपनीत ते हवालदार होते. मिसरच्या वाळूत लॉऱ्या हाकून लढाई संपल्यावर घरी परतले आणि महिन्याभरात सांगलीच्या एका वकिलाची जुनी, कापडी छताची मोटार घेऊन आले. तिची चाकं लाकडी आऱ्यांची होती, बैलगाडीला असतात तशीच, फक्त नाजूक आणि रबरी टायर चढवलेली. त्या मोटारीला रोज सकाळी पाण्याचा हात फिरे, सणाला हळदकुंकू लागे, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेलं मामांना चालत नसे. पेट्रोल मिळायची मारामार, म्हणून ती चालायची कमी आणि पुसली जायची जास्त.

त्या उन्हाळ्यात माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी साताऱ्याला मास्तर होतो; शाळेला सुट्टी लागली तसा मीही आष्ट्याला पोचलो. पाहतो तो अंगणात मोटार चार दगडी चौथऱ्यांवर उभी, आणि चाकं गायब. नातवंड पहिल्यांदा गाडीत बसणार तर चाकं नव्यासारखी दिसली पाहिजेत, असा मामांचा हुकूम निघाला होता. मी जपून म्हणालो, "मामा, सांगलीत गाड्यांची चाकं करणारा मिस्त्री आहे. तो आठ दिवसांत करून देईल."

"त्यो काय करणार वेगळं?" मामा म्हणाले. "खरवडणार आन् रंगवणार. मला हात न्हाईत व्हय?"

"पण चाकं आहेत कुठे?"

"हिरीत."

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. पण खरोखरच चारी चाकांचे टायर काढून, दोर बांधून ती दोन दिवस विहिरीत सोडलेली होती. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक खुळखुळू लागलं की आमच्याकडे ते पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं आणि आरे घट्ट बसतात. लहानपणापासून पाहिलेली ही युक्ती मामांनी मोटारीला लावली, आणि चाकं बाहेर काढून, दिवसभर उन्हात ठेवून, वर हिरवा रंग चढवायला घेतला. रंगाचे तीन हात आणि शेवटी पिवळी रेघ. तेवढ्यासाठी सगळं घर वेठीला धरलं गेलं. धूळ बसेल म्हणून अंगण झाडायचं नाही, सासूबाईंनी धान्य पाखडायचं नाही, कोंबड्या डालग्याखाली. शेजारचा शेळ्या घेऊन निघाला की मामा लांबूनच ओरडत, "पलीकडनं जा गड्या." मी बायकोकडे बघे आणि मनात दिवस मोजी. मामा म्हणत, "चाकं चार रोजात वाळत्याल. पोरीला अजून पंधरा रोज हायती."

पोरीला पंधरा रोज नव्हते. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचं पोट दुखू लागलं. सुईण आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "मूल आडवं हाय. माज्यानं व्हायचं न्हाई. मिरजंला दवाखान्यात न्या, आन् बिगीनं न्या." सकाळची सर्व्हिस मोटार निघून गेली होती. बैलगाडीने संध्याकाळ झाली असती. मामांनी चिकट चाकांवर टायर चढवले, चाकं बसवली, आणि हात कोपरापर्यंत हिरवे झाले तरी पुसले नाहीत.

तुंगपर्यंत गाडी बरी चालली. मग उन्हाने की कशाने, पुढच्या डाव्या चाकातून कट्‌कट् आवाज येऊ लागला. मागे बायको सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून निघणारा आवाज मला त्या चाकाच्या आवाजापासून वेगळा करता येईना. मामा ओढा दिसला की गाडी थांबवत, बादलीने चाकांवर पाणी ओतत आणि पुन्हा बसत. डिग्रजजवळ आरे उघडउघड हलताना दिसले. रंग फोडांसारखा उठला होता. माझा तोल सुटला. "मामा, चाक निखळलं तर? तिचं काय होईल याचा विचार केलात का तुम्ही?" सासऱ्याशी जावई असं बोलत नाही. मामांनी नुसता गाडीचा वेग कमी केला. एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, म्हणून मी जास्तच घाबरलो.

कृष्णेचा पूल कसाबसा ओलांडला आणि सांगलीत शिरताच मामांनी गाडी वळवून उभी केली ती थेट त्या मिस्त्रीच्या दारात. मिस्त्री उकिडवा बसला, एक आरा हलवून पाहिला आणि म्हणाला, "कुणी भिजवलं हे?"

"म्या," मामा म्हणाले.

"बैलगाडीला लोखंडी धाव असती, ती आवळून धरती. हे चाक वाळल्यालंच पायजे. ओल्या लाकडावर रंग मारला, वर बोल्ट आवळलं, आता वाळून ढिलं पडलं. अजून मैलभर बी जाणार न्हाई."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "माजी पोर हाय आत," एवढंच ते म्हणाले, आणि त्या टोपीसकट हात जोडले.

मिस्त्रीने एकदा गाडीत मागच्या बाजूला वाकून पाहिलं. मग तो आत गेला, दुरुस्तीला आलेली कुणाची तरी मोटार बाहेर काढली आणि आम्हाला स्वतः मिरजेला घेऊन गेला.

दुपार कलताना मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही. नर्सने मूल मामांपुढे धरलं, पण ते दोन पावलं मागे सरले. "हात रंगाचं हायती," म्हणाले. मग खाटेजवळ गेले आणि हात पाठीमागे धरून लेकीला म्हणाले, "पोरी, चुकलं माजं."

तिला डोळे उघडायचंही त्राण नव्हतं. तरी ती म्हणाली, "आबा, चाकं लय झ्याक दिसत हुती."

मामा व्हरांड्यात निघून गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढे चाकं मिस्त्रीकडेच झाली. पंधरा दिवस सावलीत वाळवून, आरे ठाकठीक बसवून, असा रंग की बोट फिरवावं. दवाखान्यातून मुलगी त्याच गाडीतून घरी आली. मामांनी चाकांभोवती एक फेरी मारली आणि काम चांगलं झाल्याचं कबूल केलं. मात्र त्यानंतर घरात काही मोडलं की ते ती वस्तू हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहू लागले. "जावईबापू, ह्ये कुणाकडं न्यावं?" असं ते विचारत, आणि मी एखाद्या दुकानाचा पत्ता सांगत असे. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी याचसाठी हुज्जत घातली होती. पण ते तसं विचारू लागले की पत्ता सांगताना मी त्यांच्या हातांकडे बघायचं टाळी. एकदा तरी म्हणायला हवं होतं की मामा, राहू द्या, तुम्हीच करा. ते माझ्याकडून कधी म्हटलं गेलं नाही.